‘रूम टेंपरेचर’ म्हणजे किती? एका जोडकामाच्या नोंदी

२ मार्च

आज मोबाइलवर चौघांची पहिली बैठक झाली. मी फैजपूरजवळच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो. धुळ्याच्या मॅडम सूक्ष्मजीवशास्त्राच्या. भाची पुण्यात सांख्यिकीत एम.एस्सी. करते. चौथा नंदुरबारचा पोरगा, माझा माजी विद्यार्थी. त्याला कोडिंग येतं आणि झोप येत नाही.

नवे प्रयोग करायला आमच्याकडे ना पैसा, ना यंत्रं. पण जगभरच्या प्रयोगशाळांनी मोजून ठेवलेला डेटा कोणालाही उघडता येतो. प्रथिनांच्या रचना पीडीबीत असतात. १९७१ मध्ये सात रचनांवर सुरू झालेली ही पेढी आता दोन लाखांच्या पुढे गेली आहे. कोणतं जनुक केव्हा किती चाललं याचे आकडे २००० सालापासून जीईओत जमताहेत. आपल्याकडेही फरीदाबादला २०२२ मध्ये इंडियन बायोलॉजिकल डेटा सेंटर सुरू झालं. पीक दुसऱ्याने काढलंय, आपण सरवा वेचायचा. सरव्यातही पोतंभर निघतं, हे गावाकडच्या माणसाला सांगायला नको.

विषय ठरलेला होता, एकट्या रेणूत नसतो पण पुष्कळ रेणू एकत्र आले की दिसतो तो गुण. इंग्रजी शब्द इमर्जन्स. त्याच्या मराठी शब्दावर अर्धा तास गेला. मी ‘उद्भव’ म्हणालो. मॅडम हसल्या, “सर, उद्भव म्हणजे आमच्याकडे पाणीयोजनेची विहीर.” भाचीने ‘उद्गामी’ सुचवला, तो कोणालाच पेलला नाही. शेवटी आमच्यापुरता ‘जमल्यावरचा गुण’ ठेवला. तुपाचा एकटा रेणू रवाळ नसतो, रवाळपणा जमल्यावर येतो. चालेल.

१४ मार्च

कामाला यीस्ट घेतलं. कारण साधं आहे. १९९६ मध्ये ज्याचा संपूर्ण जनुकसंच वाचून झाला असा हा पहिलाच केंद्रक असलेला जीव. सुमारे सहा हजार जनुकं, सोळा गुणसूत्रं. इतकी कसून तपासणी फार थोड्या सजीवांची झाली असेल. आणि प्रश्न घेतला उन्हाचा. खानदेशात बसून दुसरा कोणता घेणार?

यीस्टमध्ये पॅब-१ नावाचं प्रथिन आहे, ५७७ अमिनो आम्लांचं. पेशी तापली की याचे रेणू एकमेकांना धरून गोळे करतात. आपल्या डोक्यात असतं की तापलेलं प्रथिन म्हणजे उकडलेलं अंडं, गेलं ते गेलं. पण २०१५ मध्ये शिकागोच्या गटाने दाखवलं की यीस्टमधले असे गोळे पेशी थंडावल्यावर सुटतात आणि तीच प्रथिनं पुन्हा कामाला लागतात. म्हणजे हे अंडं नव्हे, तूप. त्याच गटाने २०१७ मध्ये शुद्ध केलेला पॅब-१ नुसता परीक्षानळीत तापवला, तर तिथेही गोळे झाले, आणि तेही तापमानाच्या अगदी अरुंद पट्ट्यात. ऊन लागल्याची खबर देणारा वेगळा कोणी लागतच नाही. रेणूंची गर्दी हाच थर्मामीटर.

पोराला जनुकांच्या नावांचा धसका बसला होता. त्याला पॅब-१ चं नाव फोडून दाखवलं, वायईआर१६५डब्ल्यू. वाय म्हणजे यीस्ट. ई म्हणजे पाचवं गुणसूत्र. आर म्हणजे त्याची उजवी बाजू. मग मध्यापासून मोजत गेलं की १६५ वा नंबर. शेवटचा डब्ल्यू म्हणजे डीएनएच्या दोन धाग्यांपैकी वॉटसनच्या नावाचा, दुसरा क्रिकचा. पोरगा म्हणाला, “सर, हा तर सातबाराचा गट नंबर.”

१६ मार्च

अल्फाफोल्ड म्हणजे प्रथिनाचा आकार संगणकाने वर्तवणारा प्रोग्राम. त्याच्या साठ्यात पॅब-१ उघडला. २०२४ चं रसायनशास्त्राचं अर्धं नोबेल ज्या कामाला मिळालं, तेच हे. जिथे खात्री जास्त तिथे गडद निळा रंग, जिथे ५० पेक्षा कमी गुण तिथे नारिंगी. चार निळे गठ्ठे आले, त्यांच्यापुढे नारिंगी शेवयांचा गुंता आणि शेवटी एक लहान निळा गठ्ठा. पोराला वाटलं अंदाज फसलाय, तो शेवयांचा भाग कापायलाच निघाला होता. मॅडमनी थांबवलं. नारिंगी म्हणजे बहुतेक वेळा चूक नसते, त्या भागाला ठराविक आकारच नसतो.

मग पोरगा दुसऱ्या टोकाला गेला, “म्हणजे गोळे या शेवयांमुळे होतात!” मलाही तसंच वाटलं होतं. पण २०१७ च्या त्याच कामात तो भाग काढून टाकूनही गोळे झालेले आहेत. फक्त किती अंशावर होतात ते सरकतं. शेवया गोळे करत नाहीत, गोळ्याचा काटा इकडेतिकडे करतात. चित्र बघून निष्कर्ष काढायची घाई, हा माझाही जुना रोग.

३० मार्च

दिवस वाया. पोराने चार ठिकाणचे जनुकांच्या आकड्यांचे तक्ते एकत्र केले, तर यादीत ‘१ ऑक्टोबर’ नावाचं जनुक निघालं. यीस्टमध्ये ओसीटी-१ नावाचं जनुक आहे आणि एक्सेलने त्याची तारीख करून टाकली. हे सगळ्या जगात घडतं. माणसाच्या सेप्ट आणि मार्च घराण्यातल्या जनुकांची इतकी वाट लागली, की २०२० मध्ये नामकरण समितीने चक्क जनुकांचीच नावं बदलली. एक्सेल बदलण्यापेक्षा ते सोपं पडलं असावं.

ठरलं, यापुढे गट नंबरच वापरायचे आणि एक्सेलमध्ये फाइल कोणी उघडायची नाही. नियम पहिल्यांदा मीच मोडणार, याची मला खात्री आहे.

१२ एप्रिल

रात्री पावणेबाराला पोराचा फोन. उत्साहात तो थेट अहिराणीवर येतो. “सर, दोन ढीग पडनात!”

सगळ्या नमुन्यांचा पीसीए काढला होता. एकेका नमुन्याचे हजारो आकडे पिळून त्याचा कागदावर एक ठिपका करायचा, एकसारखे नमुने जवळ पडतात. ठिपक्यांचे दोन स्वच्छ ढीग पडले होते, मध्ये मोकळं रान. पेशींच्या दोन अवस्था, मधलं काही नाही, अगदी पाण्याचा बर्फ व्हावा तसं! मी बायकोला उठवून स्क्रीन दाखवली. ती म्हणाली, “छान आहे, झोपा.”

१३ एप्रिल

भाचीने सकाळी एकच काम सांगितलं. “मामा, ठिपके तापमानाप्रमाणे रंगवू नका. प्रयोगशाळेप्रमाणे रंगवा.”

रंगवले. डावा ढीग एका प्रयोगशाळेचा, उजवा दुसरीचा. गरम आणि गार दोन्ही ढिगांत सारखेच मिसळलेले. आम्ही रात्रभर ज्याला पेशीची अवस्था समजत होतो, ती दोन इमारतींची अवस्था होती. यंत्र वेगळं, रसायनं वेगळी, यीस्टचं वाण वेगळं, सोमवारी काम करणारा हात वेगळा. याला बॅच इफेक्ट म्हणतात आणि पुस्तकात तो पहिल्याच धड्यात असतो. तो धडा मी मुलांना शिकवलेला आहे.

मॅडमचा मेसेज आला, “काय व्हयनं?” उत्तर दिलं नाही.

२६ एप्रिल

तेरा तारखेपासून फक्त नोंदी वाचतोय. आकड्यांच्या नाही, आकड्यांसोबतच्या. जीईओत प्रत्येक नमुन्याला जीएसएम क्रमांक असतो आणि त्याच्याखाली तो कसा घेतला ते लिहिलेलं असतं. म्हणजे लिहिलेलं असावं अशी अपेक्षा. आम्ही चार रकाने आखले. आधी किती अंशावर वाढवलं, किती अंशावर तापवलं, किती मिनिटं, आणि तापवल्यावर गोळा करेपर्यंत कुठे ठेवलं.

पहिले दोन बहुतेक ठिकाणी सापडतात. तिसऱ्यात कधी मिनिटं, कधी ‘थोडा वेळ’. चौथ्या रकान्यात एक तर काहीच नाही, नाहीतर ‘रूम टेंपरेचर’.

रूम कोणाची? या खोलीत आत्ता, पंखा चालू असताना, थर्मामीटर ३९ दाखवतो आहे. यीस्टला ३० मानवतं आणि ३७ ला त्याची धावपळ सुरू होते. लिहिणाऱ्याच्या डोळ्यासमोर २२-२३ अंशांची एसी खोली असते, म्हणून त्याला आकडा लिहावासाच वाटत नाही. ज्याला जे कधी बदलताना दिसत नाही, ते तो लिहीत नाही.

निम्म्याहून जास्त नमुने गाळले. पोरगा नाराज आहे. महिनाभर त्यानेच उतरवून घेतले होते, तेही रात्री, कारण दिवसा लाईटचा भरवसा नसतो.

८ मे

मॅडमनी ठरवलं की मुलांना एकदा डोळ्यांनी दाखवायचंच. जुना आणि भरवशाचा प्रयोग आहे. वाढीला लागलेलं यीस्ट थेट ५० अंशांत घातलं तर बहुतेक मरतं. तेच आधी अर्धा-पाऊण तास ३७ ला ठेवून मग ५० ला नेलं तर बरंच वाचतं. पेशी सवय करून घेते, म्हणजे या काळात ती संरक्षक प्रथिनं बनवते.

मी धुळ्याला गेलो. बसमध्ये खिडकी उघडी ठेवली तर झळ, बंद केली तर भट्टी. पोचलो तेव्हा मॅडम डोक्याला हात लावून बसल्या होत्या. दोन्ही बाटल्यांतलं यीस्ट सारखंच वाचत होतं. सवय दिलेलंही आणि न दिलेलंही.

उलगडायला वेळ लागला नाही. न दिलेलं यीस्ट टेबलावर ठेवलेलं होतं. टेबलावर ४० अंश. सवय त्याला धुळ्यानेच लावली होती. मग ते ३० ला ठेवू म्हणून इन्क्युबेटरकडे वळलो, तर साध्या इन्क्युबेटरला फक्त तापवता येतं, गार करता येत नाही. बाहेर ४० असताना काटा ३० वर लावला की तो नुसता दिवा विझवून बसतो. गार करणारं यंत्र आहे, पण कॉम्प्रेसर दिवाळीपासून बंद आणि दुरुस्तीची फाइल कोणाच्या तरी टेबलावर. तिथलं रूम टेंपरेचर मला माहीत नाही.

परतताना रिटोसा आठवला. फेरुचो रिटोसा, इटलीचा. फळमाश्यांवर काम करत असताना कोणीतरी त्याच्या इन्क्युबेटरचा काटा वर सरकवला. दुसऱ्याने शिवी घालून माश्या फेकल्या असत्या. याने त्यांची गुणसूत्रं पाहिली, तर एरवी नसतात तिथे फुगे आलेले. १९६२ मध्ये ते छापून आलं आणि पेशी उन्हाला कसं उत्तर देतात या सगळ्या अभ्यासाची सुरुवात तिथून झाली. आमच्याकडे काटा सरकवायला कोणी लागत नाही.

११ मे

माठ! मॅडमच्या सासूबाईंनी सुचवलं, श्रेय त्यांचं. “दही आंबू नये म्हणून आम्ही माठाजवळ ठेवायचो. तुमचं यीस्ट काय वेगळं आहे?”

नवा, चांगला झिरपणारा माठ घेतला. तो वाळूच्या टोपलीत बसवला, भोवती ओलं पोतं, खिडकीशी सावलीत. आत अर्धा माठ पाणी आणि पाण्यात उभी बाटली, तोंडाला कापूस. दीड तासाने पाणी २६ वर आलं. पेलाभर कोमट पाणी घालून ३० केलं. मग दर वीस मिनिटांनी कोणीतरी थर्मामीटर बघायचा आणि अर्धा-एक पेला गरम-गार करायचं. मुलांनी पाळ्या लावल्या. भिंतीवरच्या कागदावर दुपारभराचे आकडे आहेत, सगळे २९ ते ३१ च्या मधले. आपली हवा कोरडी म्हणून हे जमतं. कोकणात हा माठ काही कामाचा नाही.

१९ मे

माठातलं यीस्ट ५० ला नेलं. या वेळी फरक दिसला. मिथिलीन ब्लू टाकलं की जिवंत पेशी तो रंग उडवून लावते, मेलेली निळीच राहते. सवय न दिलेल्या काचेवर बहुतेक निळं, सवय दिलेल्यावर निळ्या पेशी शोधाव्या लागल्या. एक मुलगी दहा मिनिटं सूक्ष्मदर्शकावरून उठेना.

मॅडमना या रंगावर पूर्ण भरवसा नाही. नुकती भाजलेली पेशी मेली की नुसती दमली, हे तो लगेच सांगू शकत नाही. म्हणून प्लेटांवर पसरून कॉलन्या मोजल्या. तिथेही तोच कल. प्लेटाही ३० ला ठेवायच्या होत्या, त्यासाठी दुसरा माठ लागला. कॉलेजच्या खर्चात ‘माठ, २ नग’ कोणत्या शीर्षाखाली दाखवायचे हा प्रश्न मॅडमचा आहे.

३ जून

आप्पा घरी आले होते. रावेरकडची त्यांची केळी, सगळी टिश्यूकल्चरची ग्रँड नैन. यंदाच्या झळांनी बागेच्या पश्चिमेकडचे बरेच घड सटकले. त्यांनी विचारलं, “काय भो सर, तुमचं ते ऊन ओळखणारं प्रथिन माह्या केळीत आहे का?”

प्रश्न बिनचूक होता. वनस्पतींत ईएलएफ-३ नावाचं प्रथिन आहे. अरॅबिडॉप्सिस या मोहरीच्या लहानशा नातलगात २०२० मध्ये दिसलं की ऊब वाढली की हेही गोळे करतं, डीएनएवरून उठतं आणि त्याने दाबून धरलेली वाढीची जनुकं सुटतात. त्याच्या अंगात ग्लुटामिन या एकाच अमिनो आम्लाची माळ असते, ती प्रत्येक वाणात कमीजास्त लांब. आणि ब्रॅकिपोडियम या गवताच्या ईएलएफ-३ मध्ये गोळा करणारा तसा भागच नाही. म्हणजे प्रत्येक वनस्पतीचा काटा वेगळा. केळीचा जनुकसंच २०१२ मध्ये वाचून झाला. तिच्या पूर्वजांत सगळा संच तीनदा दुप्पट झालेला, त्यामुळे तिथे एक जनुक शोधायला गेलं की भावकीच दारात उभी राहते.

उघड्या साठ्यांत केळीच्या पानांचा डेटा आहे. पण ईएलएफ-३ संध्याकाळी आणि रात्री काम करणाऱ्या प्रथिनांच्या त्रिकुटातलं. पान सकाळी तोडलं की संध्याकाळी, यावर सगळा अर्थ फिरतो. आम्ही पाहिलेल्या बऱ्याच नमुन्यांत वेळ नाही.

आप्पांना हे सांगितलं. त्यांनी बंडीच्या खिशातली वही काढून दाखवली. पाणी किती वाजता सोडलं, वारा कुठून, निसवण कोणत्या ओळीत आली, पानं दुपारी किती वाजता मिटली. “पान कवा तोडलं तेच लिखलं नाही? मंग लिखलं काय?”

२० जुलै

पाऊस सुरू आहे. हवा दमट झाली, माठ आता गार होत नाही. प्रयोग बंद.

भाचीने आज जे दाखवलं त्याने माझी दोन दिवसांची झोप जाणार. आम्ही ज्या डेटात गोळे शोधत होतो, त्यातला बहुतेक पेशी फोडून, सगळं एकजीव करून मोजलेला आहे. कोणतं प्रथिन किती, कोणत्या जनुकाची नक्कल किती, हे त्यात आहे. कोण कोणाला धरून होतं ते नाही. पॅब-१ विरघळलेला असो की गोळ्यात, बेरीज तेवढीच. भरिताच्या ताटलीत वांगी किती, लसूण किती ते सांगता येईल, पण वांगं भाजताना अख्खं होतं की चिरलेलं, ते ताटली सांगत नाही.

२०१५ च्या कामात त्यांनी नेमकं हेच टाळलं होतं. फोडलेल्या पेशींचा रस वेगाने फिरवून गोळे असलेला तळाचा गाळ वेगळा आणि वरचं पाणी वेगळं केलं, दोन्ही स्वतंत्र मोजले. प्रश्न आधी होता, मोजमाप त्याप्रमाणे आखलं. सरवा वेचताना हा पेच कायम राहतो. मालकाने शेंगा उपटल्या असतील तर शेंगा मिळतील, मुळं हवी असतील तर नाही.

तसा गाळ-पाणी वेगळा केलेला डेटा थोडाच आहे. गोळ्यांसाठी तेवढ्यावरच काम करायचं असं ठरलं. पोरगा म्हणाला, “मार्चमध्येच का नाही सांगितलं?” कारण मार्चमध्ये आम्हाला माहीत नव्हतं.

२१ सप्टेंबर

एप्रिलमध्ये गाळून उरलेल्या जनुकांच्या डेटावर भाचीची पद्धत लावली. दोन प्रयोगशाळांचे आकडे एकमेकांशेजारी ठेवायचेच नाहीत. प्रत्येकीच्या आत गरम वजा गार काढायचं आणि फक्त ती वजाबाकी पुढे न्यायची. दोन ढीग विरले. रायबोसोम, म्हणजे प्रथिनं बनवणारी पेशीतली यंत्रं, घडवणारी जनुकं खाली, संरक्षक प्रथिनांची वर. २००० साली यीस्टच्या निरनिराळ्या ताणांत सुमारे ९०० जनुकं एकत्र हलतात असं दिसलं होतं, त्याच धर्तीवर. मॅडम म्हणाल्या, “मग आपण नवीन काय शोधलं?” काही नाही. पंचवीस वर्षं जुनी गोष्ट आमच्या हाती बरोबर आली, एवढंच. एप्रिलमधले ढीग नवीन होते, पण खोटे होते.

गोळ्यांच्या बाजूचं काम अर्धवट आहे.

१४ डिसेंबर

तक्त्यात पाचवा रकाना घातला, ‘खोलीचं तापमान, आकड्यात’. ज्या गटांच्या नोंदीत ते नव्हतं त्यांना पोराने मेल पाठवले होते. तिघांचं उत्तर आलं. एकाने जुनी वही शोधून आकडा दिला. दुसऱ्याने लिहिलं की ते काम करणारी मुलगी आता तिथे नाही. तिसऱ्याने उलट विचारलं की हे कशाला हवं आहे. त्याला माठाचा फोटो पाठवलाय.

मॅडमचा सकाळी फोन होता. प्रयोग पुन्हा लावायचाय, पण धुळ्यात पहाटे प्रयोगशाळेत १२ अंश होते आणि यीस्ट हलेना. इन्क्युबेटर आता नीट चालतो, फक्त पहाटे दोन तास लाईट जाते. बाटली गोधडीत गुंडाळून गव्हाच्या कोठीत ठेवून पाहणार आहेत. थर्मामीटर आत ठेवा म्हणून सांगितलंय.